लोकांचं म्हणणं

लोकशाही म्हणजे लोकांचं म्हणणं, आणि मानवजातीच्या इतिहासात या म्हणण्याइतकी थोर, निर्मळ आणि अजिंक्य शक्ती दुसरी झालेली नाही. हे मी अधिकारानं सांगतो, कारण बावीस वर्षं ते म्हणणं मी लिहीत होतो. दर गुरुवारी, जेवणाची सुट्टी संपली की, दूरचित्रवाणी केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत. शनिवारी संध्याकाळी निवेदिका ते गोड आवाजात वाचून दाखवायची आणि लोक घरोघरी ऐकायचे की आपलं म्हणणं काय आहे.

हे सगळं पुन्हा डोक्यात यायला निमित्त झालं दाढीचं. निवृत्त झाल्यापासून मी घरी दाढी करत नाही. आठवड्यातून दोनदा कोणीतरी आपला चेहरा लक्ष देऊन पाहावा, एवढीच त्यामागे इच्छा. त्या सोमवारी सकाळी सलूनवाल्यानं आरशाशी पावडरच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. माझी मान मागे, गालांवर साबण, वस्तरा हनुवटीच्या खाली, आणि त्या फोनमधून माझी मुलगी म्हणाली, "नको तर पिऊ नका." मला वाटलं भास झाला. मग ती परत म्हणाली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं तर तीच. अंगात खात्याचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, केस वाऱ्यानं विस्कटलेले, आणि समोरच्याला थांबवायला उजवा पंजा वर केलेला, जसा ती तीन वर्षांची असताना औषधाच्या चमच्यापुढे करायची तसा. "पाणी येईल तेव्हा येईल. नको तर पिऊ नका." अकरा सेकंद. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. खाली पट्टीवर प्रश्न होता: या उर्मट अधिकाऱ्याला घरी पाठवायचं का? त्याखाली दोन चौकोन, एक होकाराचा, एक नकाराचा. सलूनवाला मनानं फार चांगला आहे, माझ्या चामखीळ असलेल्या जागी वस्तरा नेहमी फुंकर घातल्यासारखा फिरवतो. तो म्हणाला, "बघा साहेब, पगार आपल्या पैशांतून आणि वर ही भाषा. माझी बहीण राहते तिकडे पूर्व भागात. तीन दिवस नळाला टिपूस नाही." त्यानं करंगळी टॉवेलला पुसली, होकाराच्या चौकोनावर टेकवली आणि मला विचारलं, तुम्ही दिलंत का मत. मी हूं केलं. वस्तरा गळ्यावर असताना मतभेद व्यक्त करू नयेत, असं कुठल्या घटनेत लिहिलेलं नसेल, पण माणसं पाळतात. साबण वाळत चालला होता, कातडी ओढल्यासारखी होत होती, आणि आरशात मला एक मान डोलावणारा म्हातारा दिसत होता.

घरी येताना मी नको तेवढं हळू चाललो. रस्त्यातले सगळे लोक फोनमध्ये बघत होते. ते रोजच बघतात, पण त्या दिवशी प्रत्येक अंगठा मला होकाराच्या चौकोनाकडे निघालेला दिसत होता. फळवाल्याचा, बसच्या रांगेतल्या नर्सचा, बाकावरच्या त्या जोडप्याचा. कोणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. ते मला जास्त लागलं. आमच्या वेळी प्रेक्षकाला राग आला की त्याला कागद शोधावा लागे, पेन शोधावं लागे, पोस्टाचं तिकीट शोधावं लागे, आणि तिकीट सापडेपर्यंत निम्म्या लोकांचा राग जायचा. उरलेल्या निम्म्यांचा माझ्या टेबलावर यायचा. टेबलावर तीन ट्रे होते: घ्यावीत, पाहू, आणि रद्दी. पहिल्या महिन्यात मी खरी पत्रं निवडून संचालकसाहेबांकडे नेली. त्यांनी ती चष्मा कपाळावर चढवून वाचली. सगळ्यांत एकच. पाणी नाही, दिवे नाहीत, रस्ता नाही, आणि बातम्यांत मात्र सगळं आहे, हे कसं? साहेब भला माणूस. ते म्हणाले, "अहो, लोकांना काय म्हणायचंय ते लोकांना नीट म्हणता येत नाही. तुम्ही म्हणा." मग मी म्हणू लागलो. एका कार्यक्रमाला सहा पत्रं. दोन स्तुतीची, दोन सूचनांची, एक आवाज कमीजास्त होत असल्याबद्दल, म्हणजे खरं वाटतं, आणि एक तक्रारीचं. तक्रार अशी, की जिचं निवारण आधीच झालेलं आहे. लिहिणारी माणसंही मी ठरवून ठेवली होती. एक गृहिणी, एक निवृत्त सैनिक, एक महाविद्यालयीन युवक, एक मुख्याध्यापक आणि एक जागरूक नागरिक. प्रत्येकाची भाषा वेगळी, शाई वेगळी. सैनिक वाक्यं तोडून बोलायचा. युवकाला 'किंबहुना' हा शब्द फार आवडायचा. गृहिणी मी सरळ घरातून उचलली होती. आमची ही सकाळी भांडी आवरताना जे बोलायची ते मी गुरुवारी लिहायचो आणि शनिवारी ती टीव्हीसमोर बसून म्हणायची, बाई शहाणी दिसते. पुढे तिला कळलं तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली की आठवडाभर मत बनवायचं मी आणि ते कळायचं मला शनिवारी.

हिनं दार उघडलं तेव्हाच तिला सगळं माहीत असल्याचं दिसलं. शेजारच्या दोघींनी तिला तीच अकरा सेकंदं पाठवली होती. एकीनं खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, दुसरीनं हसऱ्या चेहऱ्याचं. आम्ही दोघांनी चहा घेतला. लेक आमच्याकडेच राहते, पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात अभियंता आहे, आणि संध्याकाळी ती आली ती रोजच्यासारखीच, चप्पल एक इकडे एक तिकडे. मी विचारायच्या आत तिनं हात धुता धुता सांगून टाकलं. पूर्व भागाच्या मोठ्या लाइनमध्ये कुठेतरी मैलापाणी शिरतंय. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आहे. कुठे शिरतंय ते चार रस्ते खणल्याशिवाय कळणार नाही, त्याला अजून तीन दिवस लागतील. तोवर मुख्य व्हॉल्व्ह तिनं स्वतःच्या सहीनं बंद केलाय आणि दिवसातून दोनदा टँकर जातात. लोकांना ती जे म्हणाली ते असं होतं: पाणी येईल तेव्हा येईल, पण आल्यावर गढूळ दिसलं, वास आला, प्यायला नको वाटलं, तर पिऊ नका. कोणीतरी मधलं कापलं. ही म्हणाली, पण मग पूर्ण दाखवा की लोकांना. लेक म्हणाली, "दाखवलं, आई. खात्यानं दुपारी टाकलं. पूर्ण आहे ते चाळीस सेकंदांचं. एवढं कोण बघतं." वाहिनीवर दोन दिवस कौल चालणार होता, उद्या संध्याकाळी सातच्या कार्यक्रमात आकडा जाहीर व्हायचा होता. आयुक्त तो कार्यक्रम बघतात. त्यांना अहवाल वाचायला वेळ नसतो, आकडा वाचता येतो. आकडा वर गेला की तिला रजेवर धाडतील आणि व्हॉल्व्ह उघडतील. आठ हजार घरं आहेत तिकडे. हे तिनं मला हिशेब सांगावा तशा आवाजात सांगितलं आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, बाबा, तुम्ही यात काही करू नका. मी म्हणालो, छे. मी काय करणार.

रात्रभर नाही म्हणत, पण पहाटेपर्यंत मला एक बाटली दिसत होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका पत्राबरोबर ती केंद्रावर आली होती, औषधाची असते तेवढी, कापडात गुंडाळलेली, बूच मेणानं बंद केलेलं. पत्र पूर्व भागातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. अक्षर टाक्यांसारखं लहान आणि सारखं. त्यांनी लिहिलं होतं की हे आमच्या नळाचं पाणी आहे, पत्रावर तुमचा विश्वास बसणार नाही म्हणून पाठवते. पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते पत्र मी 'पाहू' मध्ये ठेवलं. बाटली खिडकीत ठेवली, कारण ती कुठल्या ट्रेमध्ये जाते हे ठरलेलं नव्हतं. महिनाभरात तळाशी काळपट थर बसला आणि वरचं पाणी इतकं स्वच्छ दिसू लागलं, की एकदा संचालकसाहेबांनी विचारलं, हे काय, तीर्थ का? आम्ही हसलो. त्या शनिवारी जागरूक नागरिकानं आपल्या पत्रात शहराच्या सुधारलेल्या पाणीपुरवठ्याबद्दल समाधान व्यक्त केलं. ती बाई शनिवारी टीव्हीसमोर बसत असेल का, हे मला त्या वेळी कधी वाटलं नाही. आता अंथरुणात पडल्या पडल्या मला तिच्या खोलीतला टीव्ही दिसत होता, त्यावरचं विणलेलं कापड, बाजूला शिलाईचं यंत्र, आणि ती कान देऊन ऐकतेय की आज तरी आपलं नाव घेतील.

मंगळवारी दुपारी ही जरा आडवी झाली आणि मी फोन घेऊन खिडकीशी बसलो. अठ्ठावन्न टक्के होकार. खाली लोकांनी लिहिलेलं वाचू लागलो. हजारो होते. पहिल्या पन्नासात मला घाम फुटला आणि पुढच्या शंभरात तो वाळला, कारण माझ्यातला कारागीर जागा झाला. ही सगळी माणसं नव्हती. काही होती, सलूनवाल्याची बहीण असावी अशी एक होती, तिनं फक्त लिहिलं होतं, लहान बाळ आहे हो घरात, टँकर येतो तेव्हा मी कामावर असते. हे खरं होतं. असलं मला बावीस वर्षांत लिहिता आलं नाही. पण तिच्या आजूबाजूला दाटीनं उभे होते ते तयार केलेले. एकाच मापाची वाक्यं, तीनच विशेषणं फिरवून फिरवून वापरलेली, चाळीस-चाळीस जणांना एकाच मिनिटाला आलेला संताप. कुठेतरी, कुठल्यातरी खोलीत, जेवणाची सुट्टी संपल्यावर कोणीतरी बसलं होतं. कष्टाळू, पण लिहिण्याचा अजिबात हात नसलेलं. मला त्याचा राग यायला हवा होता. खरं सांगतो, मला वाईट वाटलं की याला शिकवणारं कोणी नाही. एकालाही आवाज कमीजास्त होत असल्याबद्दल तक्रार करायचं सुचलं नव्हतं. आणि तेवढ्यात मला जाणवलं की यांच्यासमोर माझी पाच माणसं काय चीज आहेत ते दाखवायची हीच वेळ आहे, आणि लेकीला दिलेला शब्द माझ्या मनात जिथे होता तिथून जरा बाजूला सरकला.

मी गृहिणीपासून सुरुवात केली. मी एक साधी गृहिणी असून तीन दिवस टँकरचे पाणी भरते, कंबर मोडते, पण माझ्या मुलांनी घाण पाणी प्यावे यापेक्षा ते बरे. मग सैनिक. आदेश कडू असतो. पाळावा लागतो. त्या मुलीला माझा सलाम. युवकानं विज्ञानावर विश्वास ठेवण्याचं, किंबहुना अहवाल वाचण्याचं आवाहन केलं. मुख्याध्यापकांनी संपूर्ण चित्रफीत पाहण्याची विनंती केली. जागरूक नागरिकाला मी सगळ्यात शेवटी ठेवलं आणि त्यानं पालिकेवर थोडी टीकाही केली, म्हणजे एकतर्फी वाटू नये. अक्षरं लहान होती, पण भाषा येत होती, नळ सुटावा तशी येत होती. गेल्या कित्येक वर्षांत मी इतका सुखी झालो नव्हतो. पाचही जणांना धाडून मी फोन उपडा ठेवला आणि हिच्यासाठीही चहा टाकला. ही उठून म्हणाली, आज काय विशेष. मी म्हटलं, काही नाही, पत्रव्यवहार.

सातच्या कार्यक्रमाला आम्ही तिघं बसलो. लेक जेवणाच्या टेबलावर लाइनींचा नकाशा पसरून काम करत होती, टीव्हीकडे पाठ करून. निवेदक तरुण, दाढी रेखलेली, आमच्या वेळी असला चेहरा वेशीवरच अडवला असता. तो म्हणाला की ही जनतेची वाहिनी आहे, इथे जनता बोलते, आम्ही फक्त ऐकतो. मग त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला की पण काही लोक जनतेचा आवाज चोरतात. पडद्यावर माझी पाच मतं आली. एकाखाली एक. मला क्षणभर अभिमान वाटला, कारण एकत्र वाचताना ती खरंच चांगली जमली होती. मग निवेदकानं डाव्या बाजूला गोल केले. प्रत्येक मताशेजारी एक छोटा फोटो होता आणि पाचही ठिकाणी तो माझा होता. समुद्रावर काढलेला, डोक्यावर हिची टोपी, तोंड उघडं. त्याच्या खाली, मी एक साधी गृहिणी असून. पुन्हा मी, त्याखाली, आदेश कडू असतो. बावीस वर्षं माणसाचं नाव पत्राच्या शेवटी यायचं आणि शेवट माझ्या हातात असायचा. इथे ते आधीच, वरती, आपोआप लागतं, हे मी रोज फोन वापरूनही पाहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं त्या इमारतीत काढली पण कॅमेऱ्यासमोर कधी गेलो नाही. आता हातभर रुंद झालो होतो आणि पाच वेळा. निवेदक हसत नव्हता. तो म्हणाला, हे गृहस्थ कोण, तर अभियंता बाईंचे वडील. खाली आकडा होता तो हलला. एकसष्ट. लोक हसत असणार, घरोघरी, हे मला भिंतींतून ऐकू येत होतं असं वाटलं. सत्तर. ही पुढे वाकून टीव्हीकडे बघत होती, तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तो तिनं काढला नाही. त्र्याऐंशी. आकड्याला चेहरा नव्हता, घाई नव्हती, तो फक्त चढत होता, पाणी चढतं तसा, आणि मागे टेबलावर लेकीची पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज येत होता. त्र्याण्णववर आकडा थांबला आणि पेन्सिलही थांबली. कारण तिचा फोन वाजत होता.

आयुक्तांशी ती सव्वा मिनिट बोलली, त्यातला मिनिटभर ऐकत होती. सक्तीची रजा. व्हॉल्व्ह सकाळी सहाला उघडणार. तिनं एवढंच सांगितलं की माझा विरोध लेखी घ्या, आणि पलीकडून हो म्हटलं असावं, कारण लिहिलेल्या विरोधाला ठेवायला कुठल्याही कचेरीत एक ट्रे असतो. मी उठून तिच्याजवळ गेलो. नकाशावर तिनं एका चौकाशी लाल वर्तुळ केलं होतं आणि ते पुन्हा पुन्हा गिरवून कागद फाटायला आला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, पाच जणांची पत्रं लिहिलीत. एक तुमचं का नाही लिहिलंत? मी हिचा बाप आहे, मी हिला ओळखतो, एवढंच."

मी खरं तेच सांगितलं. "सुचलं नाही गं."

ती मान हलवून नकाशा गुंडाळू लागली. तिला ते पटलं, आणि तेच फार वाईट होतं. हिनं जेवण वाढलं. जेवताना कोणीतरी म्हणालं की आपल्याकडचं पाणी दुसऱ्या लाइनचं आहे. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली आणि कोणीही पेल्याला हात लावला नाही.

बुधवारी सकाळी पूर्व भागात पाणी आलं. फोनमध्ये ते चहूबाजूंनी येत होतं, बादल्यांतून, पिंपांतून, लहान मुलांच्या ओंजळींतून. एक माणूस कॅमेऱ्याकडे बघून पेलाभर प्यायला आणि त्यानं तोंड पुसून जनतेचा विजय असो म्हटलं, त्याच्यावरून लाल बदामांची रांग वर तरंगत गेली. पाणी दिसायला स्वच्छ होतं. मला ती खिडकीतली बाटली आठवली, वरचं स्वच्छ आणि तळाशी ते. लेक दिवसभर तिकडच्या दवाखान्यांना फोन करत होती, आपण कोण ते न सांगता, रोज किती रुग्ण येतात एवढं विचारत होती. बुधवारी नेहमीसारखे. गुरुवारीही. शुक्रवारी दुपारी एका दवाखान्यातल्या नर्सनं तिला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मग लेकीनं फोन खाली ठेवला, जाकीट घातलं, आणि रजेवर असताना ते घालायचं नसतं अशी हिनं आठवण करून दिल्यावर ते काढून ती साध्या कपड्यांतच निघून गेली. चप्पल दोन्ही सरळ घालून गेली, आणि ते मला नीट वाटलं नाही.

ती गेल्यावर अर्ध्या तासात मला फोन आला. वाहिनीवरच्या कार्यक्रम करणाऱ्या मुलीचा. आवाज गोड, मध्येच कोणाला तरी खुर्ची सरकवायला सांगत होती. म्हणाली, काका, तुम्ही तर एकदम प्रसिद्ध झालात. आज सातला विशेष कार्यक्रम आहे, पूर्व भागातली परिस्थिती फार गंभीर आहे, छोटी मुलं आहेत हो, आणि जनतेला उत्तर हवंय. मी विचारलं, प्रश्न काय आहे. तिनं वाचून दाखवला: दूषित पाण्याला जबाबदार कोण? पर्याय तीन. अभियंता, आयुक्त, सांगता येत नाही. कौल सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती आणि पहिला पर्याय पुढे होता. कौल देणारे, म्हणजे मंगळवारी ज्यांनी व्हॉल्व्ह उघडला ते त्र्याण्णव टक्के, त्या तिघांत नव्हते हे मी तिच्या ध्यानात आणून दिलं. ती म्हणाली, चौथ्या पर्यायाला पडद्यावर जागा नाही.

मी म्हणालो, येतो. पण मी माझ्याच नावानं बोलणार. ती म्हणाली, अर्थात काका, तेच तर हवंय आम्हाला, तुम्हाला पूर्ण चाळीस सेकंद आहेत. मी मनात जुळवू लागलो. मी तिचा बाप आहे. मी तिला ओळखतो. बावीस वर्षं मी तुमच्या वतीनं बोललो आणि त्यात तुमच्यातली एक शिवणकाम करणारी बाई कधीही बोलली नाही, कारण तिची बाटली मी. इथे अडखळलो, पण अडखळू दे म्हटलं, खरी पत्रं अडखळतात. स्वयंपाकघराच्या दारात ही येऊन उभी होती आणि बोलू नकोस असं तिनं एकदाही सुचवलं नाही. चाळीस सेकंदांत माणसाला खरं बोलता येतं, येत असलं पाहिजे. मी त्या मुलीला विचारलं, आणखी काही?

"हो, एक छोटीशी विनंती होती काका," ती म्हणाली. "तुमच्यामागे हिरवा पडदा असेल, जिथे जिथे हिरवं तिथे आम्ही दवाखान्यातली दृश्यं लावणार आहोत. तेवढं हिरवा शर्ट नका घालू हां, पोटातून खाटा दिसतात."